गळका नळ

नौदलाच्या ऑफिसातल्या कारकुनानं फॉर्मवरच्या एकेका शब्दावरून पेन्सिलीचं टोक फिरवलं आणि तो शेवटच्या ओळीवर थांबला.

"वहिनी, 'बाबांची आठवण येते' हे काढा."

"का?"

"माणूस घरात असला तर आठवण कशाला येईल? तो तिकडे डोकं लावत बसेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण म्हणणं खरं होतं. सासरे जाऊन नऊ दिवस झाले होते आणि नवऱ्याला ते कळू द्यायचं नव्हतं. पाणबुडीवर चढण्याआधी त्यानंच तसं लिहून दिलं होतं. घरात काही बरंवाईट झालं, तर परत आल्यावर सांगा. त्या पाणबुडीच्या पोटात अण्वस्त्रं. खोल पाण्यात कुठंतरी दडून राहायचं, म्हणजे शत्रू देशाच्या वाटेला जात नाही, एवढंच तिचं काम. बोलली की सापडली, म्हणून तीन महिने तिकडून अवाक्षर येत नसे. घरच्यांनी मात्र दर आठवड्याला चाळीस शब्द पाठवायचे, तेही सगळे गोड.

त्या चाळिसातले दहा-बारा शब्द सासरे गिळायचे. मागच्या अंगणातला नळ गळत होता. तो मुलानं बसवलेला, आणि जायच्या गडबडीत दुरुस्त करायचा राहिलेला. प्लंबरला बोलावते म्हटलं की म्हातारा उसळायचा. ज्यानं बसवला तोच दुरुस्त करेल, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. मग फॉर्मवर लिहायला लावायचा, की सगळ्या जगाला धाक दाखवतोस, नळाला कोण दाखवणार? लेकीला पहिला दात आला, ते लिहायला जागाच उरली नव्हती. तेव्हा ती दिवसभर धुसफुसली होती. आता चाळीसच्या चाळीस शब्द तिचे होते आणि तिला काही म्हणता काही सुचत नव्हतं.

"मग लिहू काय?"

"नेहमीचंच," कारकून खाली बघत म्हणाला. "तो नळ."

तिनं नळ लिहिला. पुढचे सात आठवडे लिहीत राहिली. म्हाताऱ्याची कुरकुर तिच्या हातून अशी झकास उतरू लागली, की एकदा कारकुनालाही हसू आवरलं नाही. घरी मात्र रिकाम्या खाटेशी बसून ती टपटप ऐकणं तिला असह्य झालं. एके दुपारी तिनं प्लंबरला बोलावलं. दहा मिनिटांचं काम होतं. फॉर्मवरचा नळ तेवढा गळत राहिला.

पाणबुडी परतायच्या आदल्या दिवशी ऑफिसातून विचारणा झाली, बातमी कॅप्टननं सांगायची की तुम्ही? मीच सांगते, ती म्हणाली. घरी आणायचं, बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग सांगायचं. वाक्यही तिनं घोकून ठेवलं.

सासरे धक्क्यावर कधीच येत नसत, त्यामुळे तिथं त्यानं काही विचारलं नाही. घरी पोचल्यावर मात्र बॅग दारातच टाकून तो थेट मागच्या अंगणाकडे निघाला. खिशातून त्यानं रबराचा एक वॉशर काढला. तिकडे रिकाम्या वेळात स्वतः कापून बनवलेला.

"आधी म्हाताऱ्याचं तोंड बंद करतो," तो हसत म्हणाला.

पाण्याचा पेला हातात घेऊन ती मागोमाग धावली. तो नळापाशी उकिडवा बसला होता. खालची फरशी कोरडी ठणठणीत होती. त्यानं नळ सोडला, बंद केला, वाट पाहिली. थेंब पडला नाही.

"कुणी केला?"

"प्लंबरनं."

"आणि बाबांनी करू दिला?"

घोकलेलं वाक्य काही केल्या ओठांवर येईना. तो तळहातावरच्या वॉशरकडे बघत राहिला. मग मान न वळवता त्यानं विचारलं,

"कधी गेले?"

"तू गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात."

त्यानं कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीतून पाना काढला.

"म्हणजे नंतरचं सगळं तू लिहीत होतीस?"

"हो."

"हुबेहूब," तो म्हणाला, आणि नीट बसलेला नळ पाना लावून खोलू लागला.