नजरअंदाज शेहेचाळीस पैसे

परीक्षा दिली एकट्या निकितानं, पण मार्क काढायला अख्खं ईट गाव बसलं. मे महिन्यात रानात तसंही काही काम नसतं. नांगरट उरकलेली, ढेकळं तापत पडलेली आणि माणसं सावली धरून बसलेली. अशा माणसांना मेडिकलच्या परीक्षेसारखं दुसरं सुख नाही. पेपर कोणी बघितलेला नसतो, विषय कोणते म्हणून विचारलं तर 'डॉक्टरकीचे' असं उत्तर येईल, पण किती मार्काला कुठलं कॉलेज लागतं हे न्हाव्याच्या खुर्चीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. पोरगी धाराशिवला पेपर देऊन भर उन्हात एसटीतून उतरली, तर कोणी पाणी विचारलं नाही. किती पडतेत, एवढं मात्र चौघांनी विचारलं.

निकितानं दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब मांडला. लातूरच्या क्लासनं मोबाइलवर उत्तरं पाठवली होती आणि तिनं कोणकोणते गोल रंगवले ते प्रश्नपत्रिकेवर खुणा करून आणलं होतं. एकशे ऐंशी प्रश्न. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा, सोडलं तर शून्य. सातशेवीसपैकी पाचशे एक्केचाळीस बसले. तिनं ते घरात सांगितलं आणि केस धुवायला गेली. शहाण्या घरात गोष्ट इथंच संपली असती आणि माणसं निकालाची वाट बघत बसली असती. पण या घरात धोंडीबा आप्पा होते.

धोंडीबा आप्पा म्हणजे निकिताचे आजोबा, रिटायर तलाठी. बत्तीस वर्षांची नोकरी, पाच सज्ज्यांतली गावं. तलाठ्याच्या मागं शंभर कामं असतात, पण आप्पांचा हातखंडा होता पैसेवारीत. नेहमीचं चांगलं पीक रुपया धरलं, तर यंदा किती पैसे पिकलं, ती पैसेवारी. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली की गाव दुष्काळात बसतं आणि सवलती लागू होतात. वर गेली की लोक तलाठ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आप्पांनी बत्तीस वर्षांत एकाही गावाला पन्नासच्या वर जाऊ दिलं नाही. शेहेचाळीस हा त्यांचा लाडका आकडा. चाळीस लिहिलं तर रडगाणं वाटतं, एकोणपन्नास लिहिलं तर साहेबाच्या भुवया वर जातात. शेहेचाळीस गरीब आकडा, कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

नियम असा की बांधावर जायचं, प्लॉट आखायचा, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि मग आकडा लिहायचा. आप्पा चावडीपुढच्या लिंबाखाली बसून लिहायचे. ज्वारी असो, तूर असो, सोयाबीन असो, लिंबाखालून सगळं शेहेचाळीसच दिसायचं. खाली सही ठोकली की आकडा खरा. आपण रानात पाय टाकत नव्हतो हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, अशी आप्पांची समजूत होती आणि त्या समजुतीवर त्यांनी म्हातारपण मोठ्या मानात काढलं होतं.

तर त्या आप्पांनी पाचशे एक्केचाळीस ऐकले आणि त्यांना तो आकडा धोक्याचा वाटला. त्याला कारण होतं. मागच्या साली भावकीतल्या रणधीरनं सहाशे दहा पडतेत म्हणून सांगितलं होतं. झालं, निकालाच्या आधीच स्टँडवर फ्लेक्स लागला, 'भावी डॉक्टर' म्हणून, गळ्यात स्टेथोस्कोप आणि खाली सतरा शुभेच्छुकांचे फोटो. सत्कार झाला. फेटा बांधला तो निकिताच्या बापानं, अमरसिंहनं, स्वतःच्या हातानं. निकालात रणधीरला एकशे सत्त्याऐंशी पडले. मग फ्लेक्स उतरवायला जाणार कोण? सगळा पावसाळा रणधीर स्टँडवर स्टेथोस्कोप घालून भिजत उभा होता, आणि खरा रणधीर तालुक्याला भूमला जायचं तर पुढच्या फाट्यावर जाऊन गाडी धरायचा.

आपल्या नातीवर ही पाळी येऊ नये, एवढंच आप्पांच्या मनात होतं. जीव होता त्यांचा तिच्यावर. म्हणून त्यांनी ओट्यावर बैठक मारून कपात सुरू केली. गोल रंगवताना चुकले असतील, ते वजा. घाईत वाचलं असेल, ते वजा. क्लासवाल्याचीच उत्तरं चुकली असतील, तेही वजा. शिवाय आपलं पीक आपल्याला नेहमी जास्त दिसतं, हा अनुभव. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं: नजरअंदाज शेहेचाळीस पैसे, सबब गुण तीनशे एकतीस. खाली तारीख, खाली सही. अमरसिंहनं तो कागद वाचला आणि खिशात घातला. लेकीनं तोंडानं सांगितलेले मार्क आणि आप्पांची सही, यात त्याला निवड करायची वेळ आली तेव्हा त्यानं फार विचार केला नाही. रणधीरचा फेटा अजून त्याच्या बोटांना आठवत होता.

आता मार्क म्हटले की रँक आली. रँक काढायची सोय शिवशंकरच्या मोबाइलच्या दुकानात होती. शिवशंकर रिचार्ज मारायचा, सातबारा काढून द्यायचा, फोटोत माणसाला कोट घालून द्यायचा, आणि मे-जूनमध्ये रँक सांगायचा. त्यानं एका वेबसाइटवर तीनशे एकतीस टाकले. त्या वेबसाइटनं आधी मोबाइल नंबर मागितला, तो अमरसिंहनं खुशाल दिला. मग आकडा आला, साडेचार लाखाच्या पुढचा. साडेचार लाख म्हणजे किती लांबची रांग हे अमरसिंहला डोळ्यापुढं आणता येईना. शिवशंकरनं समजूत घातली की लोकसंख्याच वाढलीय, त्यात पोरीचा काय दोष.

घरी पोचायच्या आतच फोन वाजला. पलीकडं एक काऊन्सेलर होता, लई गोड बोलणारा. उभ्या आयुष्यात अमरसिंहला कोणी 'सर' म्हटलं नव्हतं, यानं एका वाक्यात तीनदा म्हटलं. तीनशे एकतीस म्हणजे मेडिकल विसरा सर, पण आमच्या इथं नर्सिंगच्या शेवटच्या तीन जागा आहेत. कॉलेज बाजूच्या जिल्ह्यात. निकालानंतर झुंबड उडेल, म्हणून शनिवारपर्यंत मुलीची मूळ कागदपत्रं जमा करा. सोमवारी तीन जागा होत्या, बुधवारीही तीनच होत्या, आणि दर फोनला त्या भराभर संपत होत्या.

अडचण त्या मूळ कागदपत्रांत होती. दाखला, मार्कशीट, जातीची पडताळणी, सगळं एकदा त्या कॉलेजात गेलं की शिक्षण पुरं होईपर्यंत परत मिळायचं नाही. आणि मेडिकलच्या प्रवेशाला तीच कागदं लागतात. म्हणजे पुढं निकितानं निकालात कितीही आणले तरी दारात उभं राहून हात हलवत परत यायचं. निकितानं बापाला हे दोनदा समजावून सांगितलं. नर्सिंग वाईट न्हाय, पण म्या पेपर त्याचा दिला न्हाय, असंही सांगितलं. अमरसिंहनं ऐकून घेतलं आणि खिशातली पत्रिका काढून दाखवली. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं.

गुरुवारी दुपारी निकिता आप्पांपुढं येऊन उभी राहिली. ती रडली असती तर आप्पांना सोपं गेलं असतं, रडणाऱ्या शेतकऱ्यांची त्यांना सवय होती. तिनं फक्त विचारलं, "आप्पा, तुमी माझा पेपर बघितला का?"

आप्पा म्हणाले, बघायची गरज न्हाय, अनुभव हाय. तिनं प्रश्नपत्रिका त्यांच्या शेजारी ठेवली आणि आत गेली. मथुराबाई, म्हणजे आप्पांची बायको, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. पन्नास वर्षांत तिनं नवऱ्याच्या सरकारी कामात तोंड घातलं नव्हतं. शेंगांवरची नजर न काढता ती म्हणाली, "पोरीच्या बांधावर तरी जाऊन या. लोकांच्या कवा गेला न्हाईत."

आप्पांना जेवण गेलं नाही. त्यांना वाईट वाटलं, आणि बायकोचा राग आला, आणि मग राग ओसरला तरी वाईट वाटायचं थांबेना. कमी आकड्यानं कोणाचं नुकसान होत नाही, असं धरून त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. कमी लिहिलं की लोक दुवा द्यायचे, चहा पाजायचे. आकड्यानं कोणाचं काही हिरावून घेतलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. आता ते त्यांच्याच घरात, त्यांच्याच सहीनं चाललं होतं.

शुक्रवारी सकाळी ते गोठ्यात गेले. अमरसिंह वैरण टाकत होता. बोलायला तोंड उघडेना म्हणून आप्पांनी आधी म्हशीची चौकशी केली. मग म्हणाले की तो शेहेचाळीसचा आकडा खरा न्हाय. निकिताचाच न्हवं, कुठलाच खरा न्हवता. म्या रानात गेलोच न्हाय कवा. लिंबाखाली बसून लिहीत व्हतो. एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. लेकापुढं इज्जत गेली, आता जे व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून ते वाट बघत राहिले.

अमरसिंहनं पेंढी सोडली, नीट पसरली, हात झटकले. "ठाऊक हाय की, आप्पा," तो म्हणाला. "सगळ्या गावांला ठाऊक हाय."

आप्पांना हे लई लागलं. लबाडी कळल्याचं नव्हे, ती इतकी वर्षं सगळ्यांना कळत होती याचं. ठाऊक हाय तर मग कागद खिशात घालून का हिंडतो, असं त्यांनी विचारलं. अमरसिंहला प्रश्नच समजला नाही. आकडा खरा असायला कशाला पायजे, त्यावर सही पायजे, असं तो म्हणाला. उद्या पोरीला कमी पडले तर आप्पांनी आधीच सांगितलं व्हतं म्हणता येतं, जास्त पडले तर आनंदच. आणि मग, बापाचं तोंड उतरलेलं बघून, त्यानं मोठ्या मनानं तोड काढली. तुमाला वाटत असंल तर दुसरा आकडा लिवा. पाचशे एक्केचाळीस लिवा, सही करा, म्या नर्सिंगवाल्याला न्हाय म्हणून सांगतो.

इतकं सोपं होतं ते. आप्पांनी खिशातून पेन काढलं सुद्धा. पत्रिकेवर जागाही होती, सुधारित म्हणून लिहायला. गोठ्याच्या दारात निकिता कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"लिवू नका, आप्पा," ती म्हणाली. "मोजा."

मग ओट्यावर सतरंजी अंथरली. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण एक, दोन, तीन, चार येत होतं, आणि उत्तरांना तेवढंच लागतं. निकिता प्रश्नाचा नंबर आणि तिची खूण वाचायची, आप्पा क्लासच्या कागदावर बोट ठेवून जुळवायचे. दहाव्या प्रश्नाला त्यांची कंबर धरली. चाळिसाव्याला चष्मा पुसला. अमरसिंहनं दोनदा सांगितलं की एवढं कशाला, पोरीनं मोजलंय की. काऊन्सेलरचा फोन तीनदा येऊन गेला. आप्पा उठले नाहीत. ऊन ओट्यावर आलं तसे दोघं भिंतीकडं सरकले.

एकशे सतराव्या प्रश्नाला आप्पांचं बोट थांबलं. निकितानं तीन म्हटलं होतं, कागदावर दोन होतं, आणि तिच्या पहिल्या हिशेबात हा बरोबर धरला होता. आप्पांनी तो तसाच सोडून पुढचा नंबर विचारला. एवढ्याशा एका गोलासाठी पोरीचं मन कशाला मोडायचं, असं त्यांना वाटलं.

"चुकला ना तो?" निकितानं विचारलं. तिनं कागद ओढून स्वतः बघितलं. क्षणभर तिचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "पाच कमी करा. चार गेले आन एक वजा."

बरोबर एकशे एक्केचाळीस, चूक अठ्ठावीस, सोडलेले अकरा. बेरीज पाचशे छत्तीस. आप्पांनी ती तीनदा केली आणि मगच आकडा लिहिला. शेहेचाळीस लिहिताना त्यांनी एकदाही बेरीज केली नव्हती. सीट लागेल का, कितवी रँक येईल, हे त्यांना सांगता येत नव्हतं. शिवशंकरला विचारायचंही त्यांच्या मनात आलं नाही.

अमरसिंहनं कागद हातात घेतला. एक्केचाळीसचे छत्तीस झालेले बघून तो पुन्हा बिचकला. "आन ह्याच्या बी खाली आले तर, आप्पा? लोकांला काय सांगायचं?"

"माझ्याकडं धाड लोकांला," आप्पा म्हणाले. "म्या मोजलंय."

फोन परत वाजला. शेवटच्या तीन जागा अजून होत्याच. अमरसिंहनं फोन हातात धरून बापाकडं बघितलं. मग त्यानं तो निकिताकडं दिला आणि म्हणाला, तूच सांग त्याला.