सातव्या मजल्यावरची न्हाणी

मृण्मयीला बाथरूममध्ये गाव हवं होतं. पहिल्याच भेटीत तिनं ते अगदी याच शब्दांत सांगितलं. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, सातव्या मजल्यावर, बेडरूमला लागून असलेलं ते बाथरूम चार वर्षांपूर्वीचं होतं. पांढऱ्या टाइल्स, काचेचं पार्टिशन, एकही नळ गळत नव्हता. ते सगळं फोडून तिथं शेणानं सारवल्यासारख्या भिंती, काळा दगड, तांब्याचं घंगाळ आणि कंदील आणायचा होता. कंदिलात अर्थातच एलईडी.

मृण्मयी गावात कधीच राहिली नव्हती. तिचे आजोबा नाशकात वकील होते, वडील बँकेत मॅनेजर. मागच्या हिवाळ्यात ती आणि तिचा नवरा यशोधन धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये दोन दिवस राहून आले होते आणि तिथल्या न्हाणीत, ती म्हणाली, तिनं आयुष्यात पहिल्यांदा खरी अंघोळ केली. हर्षाली तेव्हा टेपनं भिंत मोजत होती. तिनं तोंड भिंतीकडेच ठेवलं.

हर्षाली सव्वीस वर्षांची. पिंपळगाव बसवंतपासून तीन किलोमीटरवर मळ्यात तिचं घर, वडिलांची द्राक्षबाग. नाशकात इंटिरियरचा कोर्स करून तिनं तीन वर्षं एका फर्ममध्ये दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज काढली होती, आणि हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम होतं. कॉलेजात मृण्मयीसारख्याच मुली तिच्या ‘पानी’ला हसायच्या. तो ‘न’ सुधारून ‘ण’ करायला तिला दोन वर्षं लागली होती. आणि आता मृण्मयी मैत्रिणींना फोनवर सांगत होती की तिची डिझायनर खरीखुरी गावाकडची आहे, तिच्यात ते सगळं मुळातच आहे. हर्षालीच्या समोर उभी राहून सांगत होती, एखाद्या मडक्याचं वर्णन करावं तसं.

हर्षालीला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही. पण तिला स्वतःचं घरही फारसं आवडत नव्हतं. मळ्यातल्या घरी आईनं चौदा वर्षांपूर्वी हट्टानं बाथरूम बांधून घेतलं होतं. पांढऱ्या टाइल्स, मधून निळ्या डॉल्फिनची पट्टी, गुलाबी बादली, गुलाबी मग आणि दाराला आतून दोन कड्या. कोर्सच्या पहिल्या वर्षी प्रत्येकानं आपापल्या घरच्या बाथरूमचा फोटो आणायचा होता. हर्षालीनं रूममेटच्या घरचा फोटो नेला होता.

काम सुरू झालं. धान्य कांडायचं एक जुनं उखळ मृण्मयीनं कुठूनसं मिळवलं होतं. त्याला खालून भोक पाडून बेसिन करायचं ठरलं. ज्या उखळात कोणीतरी बाई वर्षानुवर्षं मिरच्या कुटत आली असेल त्यात आता यशोधन दाढीचा फेस धुणार होता. भिंतीवर सूप टांगलं, टॉवेलांसाठी दुरड्या आल्या. शेणाच्या रंगाचा लेप इटलीहून आला. मृण्मयी त्या डब्याचा वास घेऊन म्हणाली की वास मात्र नको.

फरशी बसवायला धनराज होता. सातपूरला राहणारा, पन्नाशीतला, आधी कारखान्यात शिफ्टला जायचा, ती नोकरी सुटल्यावर वीस वर्षं फरशीच बसवत आला होता. कमी बोलायचा. दगड उतरवून घेतले त्या दिवशी मात्र तो हर्षालीला बाजूला घेऊन बोलला. दगड हाताच्या घावांचे, उंचसखल. मृण्मयीला ते घासलेले नको होते, कारण घाव दिसायला हवे होते. बेडरूमच्या आणि बाथरूमच्या मध्ये उंबराही नको होता. आणि पाणी जायची जाळी तिला डोळ्यांसमोर नको होती म्हणून ती पार कोपऱ्यात, दुरडीच्या मागे ढकलली होती. धनराजचं म्हणणं साधं होतं. दगड घासून जाळीकडे दोन सूत ढाळ, थोडा उतार, काढू द्या, दारात छोटा उंबरा ठेवू द्या, नाहीतर पाणी घरात येईल.

हर्षालीला हे कळत होतं. तिनं ते मृण्मयीला एकदा सांगूनही बघितलं. मृण्मयी म्हणाली, शॉवरचं असं किती पाणी पडतं, आणि मशीननं सपाट केलेला दगड म्हणजे मॉलचं टॉयलेट. पहिलंच काम, तेही घरसजावटीच्या मासिकात येणार म्हणून बोललं जात होतं. हर्षालीनं पुढे वाद घातला नाही. ती परत येऊन धनराजला म्हणाली, “तुम्ही फरशी बसवा. डिझाइन मी बघते.”

फर्ममधला तिचा साहेब कारागिरांशी असाच बोलायचा. धनराजनं तिच्याकडे एकदा पाहिलं, थापी उचलली आणि सांगितलं तशी फरशी बसवून दिली.

मासिकाचा फोटोग्राफर यायच्या चार दिवस आधी मृण्मयीला वाटलं की नुसत्या वस्तूंचे फोटो मेलेले दिसतील. माणूस हवं. तिनं हर्षालीला विचारलं, तुझी आई येईल का, नऊवारी नेसत असेलच. हर्षालीची आई, बायडाबाई, एकोणपन्नास वर्षांच्या होत्या, घरात गाऊन घालायच्या आणि बाहेर जाताना पाचवारी. हर्षालीनं हे सांगितलं नाही. आईला बोलावते, एवढंच म्हणाली. आणि आईला फोन करून सांगितलं की माझं पहिलं काम बघायला ये. फोटोचं सांगितलं नाही.

फोटोच्या दिवशी बायडाबाई सकाळच्या एसटीनं आल्या. अंगावर लग्नकार्याला काढायची मोरपिशी साडी, हातात पर्स, पिशवीत मृण्मयीसाठी घरची द्राक्षं. मृण्मयीनं द्राक्षं कौतुकानं घेऊन ओट्यावर ठेवली आणि त्यांना मावशी म्हणत आत नेलं. बायडाबाई बाथरूमच्या मधोमध उभ्या राहिल्या. भिंतीवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, शेणानं सारवलंय का. हर्षाली म्हणाली, नाही, रंग आहे. त्यांनी सूप पाहिलं, उखळ पाहिलं, उखळावरचा पितळी नळ पाहिला. लेकीनं एवढं मोठं काम केलं म्हणून आल्या होत्या, आणि आता तो नळ एकदा सोडून, एकदा बंद करून बघत होत्या.

तेवढ्यात मृण्मयीनं बेडवरची घडी उचलून आणली. हिरवी नऊवारी, नाटकांचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातली, आत दुकानाचा नंबर टाचलेला. मावशींनी ही नेसावी, पाटावर बसावं, घंगाळातून पाणी घ्यावं, दोन-चार फोटो, बस्स.

बायडाबाईंनी लेकीकडे पाहिलं. हर्षाली कोपऱ्यात उभ्या फोटोग्राफरच्या बॅगेकडे बघत होती.

साडी बदलायला त्यांनी नकार दिला. हवं तर आहे तशी बसते, म्हणाल्या. मृण्मयीचा चेहरा पडला. तनय नावाचा तो फोटोग्राफर म्हणाला की काळ्या दगडावर मोरपिशी रंग चांगलाच उठून दिसेल, म्हणून मग ते चाललं. बायडाबाई पाटावर बसल्या. समोर भरलेलं घंगाळ, हातात तांब्या. तनयनं काही फोटो काढले. मृण्मयीचं समाधान होईना.

“मावशी, फार ताठ बसताय तुम्ही,” ती म्हणाली. “तुम्ही गावी जशी अंघोळ करायच्या ना, तसं करा. अगदी नॅचरल.”

“गावी कशी करायचे, सांगू?” बायडाबाईंनी विचारलं.

त्यांचा आवाज चढला नव्हता. लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यामागं एक दगड होता, त्या म्हणाल्या. दोन बाजूंनी खताच्या गोण्या बांधलेल्या. गडीमाणसं उठायच्या आत उरकायचं. परकर अंगावर ठेवूनच.

“गोन्यांना फट होती. केस धुताना डोळे मिटायचे नाय, कोन येतंय ते बघत राहायचं. शिकेकाई डोळ्यात जायची, पन मिटायचे नाय. सतरा वर्सं मी डोळे उघडे ठेवून केस धुतले.”

तो दगड हर्षालीला लहानपणीचा पुसटसा आठवत होता, पण डोळ्यांचं हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. घरातल्या बाथरूमला दोन कड्या का, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ती दारातल्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“किती सुंदर,” मृण्मयी म्हणाली. “तनय, हे फोटोखाली घेता येईल. शिकेकाईचं.”

बायडाबाई तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. बाजारात कोणी नासक्या द्राक्षांवर चांगली रचून समोर केली तर बघावं, तसं. मग त्यांनी विचारलं, “पानी ओतू का?”

“हो, हो, ओता ना.”

“सगळं?”

“सगळं. बिनधास्त.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला, दोन्ही हातांनी घंगाळाचे कान धरले आणि ते कलतं केलं. पाणी पाटाभोवती साचलं, दगडांच्या खळग्यांमधून वाट काढत निघालं आणि बघता बघता दारातून बेडरूममध्ये शिरलं. तनयनं बॅग उचलली. मृण्मयी टॉवेल घेऊन धावली, पण दुरडीतले टॉवेल नुसते दाखवण्यापुरते होते, ते पाणी टिपेनात. लाकडी फरशीवरून पाणी बेडखाली गेलं, तिथून भिंतीतल्या कपाटापर्यंत.

बायडाबाई पाटावरच बसून होत्या. “जाळी कुठंय?” त्यांनी विचारलं.

हर्षालीनं कोपऱ्यातली दुरडी बाजूला केली. मागची जाळी कोरडी ठणठणीत होती.

मृण्मयीचा सगळा गोडवा तोवर ओसरला होता. फरशीवाल्यानं वाट लावली, ती म्हणाली, ही माणसं अशीच, यांना कामाची काही पडलेली नसते, आत्ता फोन लाव त्याला. फोन हर्षालीच्या हातातच होता. धनराजवर ढकलणं अगदी सोपं होतं. तो तिथं नव्हता, आणि असता तरी फारसं बोलला नसता.

“तुला ठाऊक होतं?” आईनं विचारलं.

“हो,” हर्षाली म्हणाली. “धनराजदादांनी मला आधीच सांगितलं होतं. ढाळ काढू द्या, उंबरा ठेवू द्या. मी नको म्हटलं.”

मृण्मयीलाही तिनं हे एकदा सांगितलं होतं, पण ते आता ती बोलली नाही. आईसमोर तेवढंही स्वतःला सोडवून घ्यावंसं तिला वाटलं नाही.

बायडाबाई उठल्या, साडीचा काठ पिळला, पर्स घेतली. हर्षाली त्यांच्याबरोबर खाली उतरली. दोघी रिक्षानं स्टँडवर गेल्या. एसटीत चढता चढता आई बोलली.

“त्या बाईला कळत नाय. तिनं कधी पाहिलंच नाय तर तिला कुठून कळनार? तुला कळत होतं.”

हर्षाली त्याच दिवशी दुपारी सातपूरला गेली. धनराज घरासमोर मोटरसायकल पुसत होता. तिनं झालेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यानं ती लगेच दिली नाही. हातात दुसरं काम आहे, आठ दिवस जमणार नाही, एवढंच म्हणाला आणि फडकं पिळत राहिला. ती आठ दिवस थांबली. मग दोघांनी मिळून फरशी उखडली. दगड घासला, जाळी उघड्यावर आणली, दारात उंबरा घातला. ती घमेली उचलायला लागली तेव्हा धनराजनं अडवलं नाही. मृण्मयी रोज येऊन घासलेल्या दगडाकडे पाहायची आणि म्हणायची की आत्मा गेला. यशोधन मात्र खूश होता. त्या जुन्या उंचसखल दगडांवर त्याच्या अंगठ्याला दोनदा ठेच लागली होती.

दोन महिन्यांनी मासिक आलं. फोटो पाणी ओतायच्या आधीचा होता, जुन्या फरशीचा. खाली लिहिलं होतं, ‘आजीच्या आठवणींतली न्हाणी’. मृण्मयीनं मुलाखतीत सांगितलं होतं की सगळी कल्पना तिची, लहानपणी सुट्टीत ती ज्या गावी जायची तिथली. हर्षालीचं नाव शेवटी, बारीक अक्षरात होतं. तरीही ते दोन बायकांनी वाचलं होतं. इंदिरानगरच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आणि कॉलेज रोडवरच्या एका नव्या फ्लॅटच्या मालकिणीचा. दोघींनाही तसंच हवं होतं. एकीनं विचारलं, भिंतीतून खरं गवत निघालेलं दाखवता येईल का.

हर्षाली रविवारी मासिक घेऊन मळ्यात गेली. आई ओसरीवर लसूण सोलत होती. त्या दिवसानंतर फोनवर जेवणखाण आणि औषधफवारणी सोडून दोघींमध्ये काही बोलणं झालं नव्हतं. हर्षालीनं मासिक उघडून पुढे धरलं. बायडाबाईंनी पदराला हात पुसले आणि फोटो बराच वेळ पाहिला.

“साडी चांगली आलीय,” त्या म्हणाल्या. मग बोट खाली नेत अक्षरं लावली. “ही आजी कोन?”

“तू.”

बायडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की त्या बाईचं वय काय. बेचाळीस, हर्षाली म्हणाली. मग आलेल्या दोन कामांचं तिनं भीतभीतच सांगितलं. नको म्हणू का, असंही विचारलं. मनातून तिला वाटत होतं की आईनं नको म्हणावं, म्हणजे आपल्याला ठरवावं लागणार नाही.

“नको कशाला? लोकांना शेनाच्या भिंती पायजेत तर दे,” बायडाबाई म्हणाल्या. “तुझं काम हाय ते. पानी नीट जाऊ दे, कडी आतून बसव. आन् मला बघायला बोलावू नको.”

बाहेर क्रेटचा टेम्पो येऊन थांबला होता. बायडाबाईंनी मासिक मिटून लेकीच्या हातात दिलं, पायांत चपला सरकवल्या आणि क्रेट मोजून घ्यायला गेल्या.