खडकावर चढलेली 'गुडरून'

यशपालने आमंत्रणात वेळ टाकली दहाची, बोट सुटणार होती अकराला. आपली माणसं तासभर उशिरा येणारच, हा त्याचा अंदाज. पण कोलोन, हॅनोव्हर, येनात दहा-दहा वर्षं काढलेली मंडळी ती! पावणेदहालाच चौसष्टच्या चौसष्ट जण जर्मनीतल्या कील बंदराच्या धक्क्यावर हजर, बोटीचं दार बंद आणि वारा कानांना झोंबतोय. यशपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा बाबासाहेबांची जयंती बोटीवर करायची, हा हट्ट त्याचाच. जयंती समितीचे अध्यक्ष पद्माकरकाका हॅनोव्हरच्या हॉलवर अडून बसले होते. "बोट भरवशाची आहे ना?" त्यांनी तीनदा विचारलं आणि यशपालने तिन्ही वेळा "गेनाऊ! अगदी!" म्हणून ठोकून दिलं. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला, बर्फाच्या समुद्रात गावोगाव माणसं पोचवलेली ही जुनी बोट 'गुडरून' त्याच्या मनातच भरली होती. आज फजिती झाली, तर समितीत पुन्हा त्याला कुणी विचारणार नव्हतं.

माणसं कुडकुडताना बघून म्हाताऱ्या कॅप्टन हिन्रिक्सने दार उघडलं, कॉफी पाजली आणि वेळ जावा म्हणून बोटीचा इतिहास सांगायला घेतला. यशपालची आई अंजनाबाई नागपूरहून आलेल्या. त्यांच्यासारख्या पाहुण्यांना जर्मन कुठलं कळायला? भाषांतराला यशपालच उभा राहिला.

"ब्याऐंशी साली धुक्यात खडकावर चढली," कॅप्टन खुशीत म्हणाला.

"बोट फार मजबूत आहे," यशपालने सांगितलं.

"पंच्याऐंशीला बर्फात नऊ दिवस अडकलो. नुसते बटाटे खाल्ले!"

"जेवणाची सोय उत्तम असायची."

"एकदा तर मलाच बंदरात विसरून निघून गेली!"

"वेळेची एकदम पक्की."

अहो, पण इथे जन्मलेली पोरं काय बहिरी असतात? सात वर्षांची अन्वी ताडकन उठली. "नाइन! नाही! यशपालकाका खोटं बोलतो!" आणि मोडक्यातोडक्या मराठीत तिने खडक, बर्फ, बटाटे, सगळं सांगून टाकलं.

एकच गलका झाला. पद्माकरकाका लालबुंद झाले. "उतरा सगळे! धक्क्यावर करू जयंती!" लोक कोट चढवू लागले. यशपालचं तोंड एवढंसं झालं.

अंजनाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "थांबा हो पद्माकरभाऊ. अन्वी, विचार बाई त्यांना, एवढं झालं त्यात माणसं किती गेली?"

अन्वीने विचारलं. कॅप्टनचं हसू थांबलं. "एकही नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना घरी पोचवलं." अन्वीने ते जसंच्या तसं सांगितलं.

"मग मी बसते," अंजनाबाई म्हणाल्या आणि लेकाकडे वळल्या. "त्या बुवाने काही लपवलं नाही. लपवलंस तू. ज्यांनी आपल्याला नीट विचारून, पारखून घ्यायला शिकवलं, त्यांच्याच जयंतीला! लाज नाही वाटली?"

"वाटली, आई."

"मला काय सांगतोस? यांना सांग."

पद्माकरकाका कोटाची एक बाही घालून तसेच उभे होते. यशपाल त्यांच्यासमोर गेला.

"काका, ही बोट ब्याऐंशी साली खडकावर चढली होती," तो म्हणाला. "आणि तुम्ही तीनदा विचारलंत, तेव्हा मला ते माहीत होतं."