कंदीलवाल्याचं न उघडलेलं दार

चकाकते म्हणून मला आरसा समजू नका, मित्रांनो. मी एका व्हिडिओ गेमची जुनी, ओरखडे पडलेली डिस्क आहे. ऐकता का जरा माझी कहाणी?

जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव, अशा स्वच्छ कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यावर एक गोष्ट कोरली गेली. एक कंदीलवाला हरवलेलं घर शोधत दऱ्याखोऱ्या तुडवतो आणि अखेर एका बंद दाराशी पोचतो. ती गोष्ट अथपासून इतिपर्यंत माझ्याच पोटात आहे, या भ्रमात मी सुखाने होते.

मी ज्या घरी आले तिथले बाबा मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम करत. महिनोन्महिने समुद्रावर. सुट्टीला आले की बॅग उघडायच्या आधी मला यंत्रात सरकवत. लढाई बाबांची, वाट शोधणं लेकीचं. तिला ते 'कप्तान' म्हणत. शिलाई मशीनवर बसलेली आई म्हणे, "एक इंजिनवाला, एक कप्तान, आणि नळ आपला ठिबकतोच आहे!" देवाने माणसाला हसू दिलं ते अशाच संध्याकाळींसाठी, असं मला वाटे.

त्या दोघांचा एक नियम होता. शेवट एकट्याने बघायचा नाही. एका सुट्टीत ते दारापर्यंत पोचले आणि तेवढ्यात जहाजावरून बोलावणं आलं.

"राहू दे दार, कप्तान. पुढच्या सुट्टीत."

"शप्पथ?"

"गळ्याशप्पथ."

पुढची सुट्टी लांबली. मग आणखी लांबली. लेक मला पुसून जागेवर ठेवी, पण लावत नसे. मामेभाऊ चिडवायचा, "अगं, उघड की! मी बघितलाय शेवट. इतका पुचाट, की मी रिमोटच आपटला." ती कानांत बोटं घाले. "एक शब्द बोललास तर बघ!"

अखेर बाबा आले. केस पिकलेले. लेक त्यांच्या खांद्याला लागलेली. दोघं शेजारी बसली. कंदीलवाल्याने दाराला हात लावला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. ही सेवा कायमची बंद करण्यात आली आहे.'

तेव्हा मला कळलं. दारापलीकडचं काही माझ्या पोटात नव्हतंच. ते दूर, कंपनीच्या संगणकांवर होतं, आणि कंपनीने ते बंद करून टाकले होते. आख्यान रंगात यावं आणि सांगणाऱ्यानेच उठून जावं, तसं झालं.

लेक म्हणाली, "मी एकटीनेच बघायला हवा होता. तुमची वाट बघत बसले, हेच चुकलं."

आईचं मशीन थांबलं.

"मामेभावाला विचारू या का?" बाबांनी हळूच म्हटलं.

"नको."

"मग तूच सांग. आत कोण असायला हवं होतं?"

तिने यंत्र बंद केलं. मग म्हणाली, "कुणीही. जे परत जाणार नाही असं."

बाबांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने आईकडे न बघताच ते म्हणाले, "बंदरावर दुरुस्तीच्या कामाला माणूस हवाय. पगार कमी आहे."

"कमी तर कमी," आई म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मित्रांनो, मला आता कुणी लावत नाही. त्याचं दुःख नाही. शेवट नसलेली गोष्ट म्हणून जगणं मात्र जड जातं. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी खेळ रचाल, गोष्टी सांगाल. तेव्हा एवढं करा. ऐकणारा ज्याची वाट बघतोय ते त्याच्याच हाती सोपवा, दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नका. आणि तुमची कुणी वाट बघत असेल, तर बाळांनो, लवकर घरी जा.