निनादचं रुथेनियम

आमच्या लॅबमध्ये सध्या दोघंच असतो, मी आणि एक्झॉस्ट फॅन. फॅन निदान आवाज तरी करतो.

मी मनिषा. नवीन पनवेलच्या एका कॉलेजात पीएचडी करते. अल्कोहोलपासून बदामाच्या वासाचं एक रसायन बनवायचं, तेही नुसत्या हवेतल्या ऑक्सिजनवर आणि तांब्याच्या जोरावर, हे माझं काम. एरवी त्यासाठी रुथेनियमसारखे महागडे धातू लागतात. माझं तांबं ते आरामात करत होतं! पेपर जर्नलला छापायला पाठवला होता, सर खूश होते. माझं लग्न झालेलं नाही, सुकापूरच्या घरात भाऊ दीपेशचा संसार आहे, म्हणून मी इथं खोली घेऊन राहते. पण तांबं माझं होतं. माझी पीएचडी त्याच्यावरच उभी होती.

पेपर तपासणाऱ्यानं शंका काढली, तांबं न घालता हाच प्रयोग करून दाखवा. मेली कटकट! उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं? तांब्याशिवाय काय होणार, कप्पाळ! तरी केला. संध्याकाळी फ्लास्कचं बूच काढलं आणि बदामाचा वास आला.

मी डोक्याला हात लावून बसले. फ्लास्क नवा, रसायनं नवी. जुनी होती ती फक्त बीड, म्हणजे फ्लास्कच्या तळाशी चुंबकावर गरगर फिरून ढवळणारी पांढरी गोळी. ती निनादची. तो शेजारच्या टेबलावर रुथेनियमवर काम करायचा. जर्मनीला गेला तेव्हा त्याचं सामान सगळ्यांनी वाटून घेतलं, मी बीड घेतली. पुढं बाकीचेही नोकऱ्यांना लागले. आमच्याकडे नवी बीड मागवायची तर सह्या गोळा करत फिरावं लागतं, हे खरंच. पण त्याची होती म्हणून घेतली, हे जास्त खरं. रोज ॲसिटोननं धुऊन तीच वापरायचे. तिच्या ओरखड्यांत रुथेनियम बसलं होतं, ते असं धुऊन थोडंच जातंय!

खात्री करायला कोरी बीड मिळवली आणि तांबं घालून प्रयोग लावला. वास नाही, तपासणीच्या मशीनवरही काही नाही. म्हणजे राबत होता निनादचा धातू, आणि माझं तांबं आयत्या बिळावरचा नागोबा!

गप्प बसता आलं असतं. 'तांब्याशिवाय काहीच होत नाही' एवढं लिहायचं, कोण येतंय पनवेलला बघायला? मी टाइपही केलं. मग खोडलं आणि पेपर मागे घेते म्हणून कळवून टाकलं. नंतर स्वतःचाच इतका राग आला की कपाटाचं दार आपटलं. ऐकायला कोणी नव्हतंच.

निनादला फोन लावला. माझं काय गेलं ते त्यालाच कळणार होतं.

"माझी बीड वापरलीस ना?" त्यानं लगेच ओळखलं आणि हसला. "क्लासिक! चल, मीटिंग आहे, नंतर बोलू."

नंतर म्हणजे कधी, ते मला माहीत आहे.

मग रिक्षा करून सुकापूरला गेले. आई सुपात सुका जवळा निवडत बसली होती. तिच्याशेजारी बसले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"मना काय कलला नाय," ती म्हणाली. "परत सांग."

परत सांगितलं. या वेळी सावकाश, तांबं, बीड, निनाद, जर्मनी. आईनं सूप बाजूला सारलं.

"म्हंजे तो पोऱ्या गेला तवापासून तू तिथं एकलीच हायस?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळं रसायनशास्त्र तिच्या डोक्यावरून गेलं होतं, आणि तेवढंच कळलं होतं. मी "हो" म्हणायला गेले, तर रडूच फुटलं.