दहापासून शून्यापर्यंत

"दहापासून मोजते. शून्याला काटा बाहेर. आधी नाही, नंतर नाही."

आईचा हा आवाज अजून कानात आहे. मी सहा वर्षांचा, पाय तिच्या मांडीवर, टाचेत काटा आणि तिच्या हातात सुई. ती मोजायची आणि दोन आकड्यांच्या मधे एक श्वास सोडायची. दहा दहा, दाराकडे पहा. नऊ नऊ, नको रडू, भाऊ. आठ आठ, ताठ ठेव पाठ. शून्य म्हटलं की काटा सुईच्या टोकावर आलेला असायचा. तिनं मला एकदाही फसवलं नाही. चारवर ओढला आणि 'झालं की रे' म्हणाली, असं कधी झालं नाही. मोजणाऱ्यावर डोळे मिटून भरवसा टाकता येतो, हे मी त्या मांडीवर शिकलो.

आज मी चौसष्ट वर्षांचा आहे आणि अण्णाच्या सलूनमध्ये पाठीवर पडलो आहे. चेहऱ्यावर फेस, गळ्याभोवती चादर, गाठ मानेमागे. खुर्चीची पाठ मागे झुकवली की दांडा अडकतो, आणि अण्णा दोन्ही हातांनी हिसका देईपर्यंत माणूस उताण्या झुरळासारखा पडून राहतो. गॅरेजवाला पाना गेले चार महिने म्हणतोय, उद्या दुरुस्त करतो. तो पाना बाकावरच बसला आहे. मला तो आरशातच दिसतो. नाहीतर वर छताचे पोपडे.

"एका गुणानं!" अण्णा वस्तरा चामड्यावर घासत म्हणाला. "एकसष्ट-साठ. अरे, वीस गुणांनी हरले असते तरी मी रात्री झोपलो असतो."

"तू झोपलास. व्हॅनमध्ये घोरत होतास," पाना म्हणाला.

"ते घोरणं नव्हतं, उसासे होते."

काल दुपारी आम्ही दहा जण व्हॅन करून परगावी गेलो होतो, आपल्या कॉलेजची बास्केटबॉल टीम बघायला. आम्ही म्हणजे नेहमीचेच. पोरं शिकून निघून जातात, नवी पोरं येतात, आम्ही मात्र त्याच वरच्या बाकावर. मी तर कॉलेजात एकतीस वर्षं तासांचे टोल दिले. म्हणून मला सगळे ठोकेकाका म्हणतात. टोल देणं संपलं, पण मोजणं संपलं नाही.

त्याचं असं झालं. आमच्या हॉलमधलं घड्याळ एकोणीस वर्षांपूर्वी बंद पडलं, ते पडलंच. गुण लिहायच्या टेबलावरचे मास्तर हातातल्या घड्याळावर वेळ बघतात आणि शेवटचे दहा सेकंद उरले की लाल रुमाल उंच धरतात. रुमाल दिसला की मी उभा राहतो आणि ओरडतो, "दहा!" माझ्यामागे सगळा हॉल ओरडतो. एक आकडा, एक श्वास. खेळणारी पोरं मान वर करत नाहीत. कानांनी वेळ बघतात. "काका, तुमच्या आकड्यावर आमचा पाय पडतो," असं एक पोरगा मला म्हणाला होता. बगळाच तो. लांब पाय, लांब मान, चेंडू हातात आला की एका पायावर थबकायचा. टपालवाल्याचा मुलगा.

काल शेवटचा चेंडू त्याच्याच हातात होता.

"आपला ढोल्या बास्केटखाली मोकळा उभा," पाना मोबाईल पुढे धरून म्हणाला. "हे बघ. त्याला नुसता द्यायचा होता. आंधळ्यानंही टाकला असता. आणि आपले राजे एवढ्या लांबून फेकतात! घड्याळ बघ. किती?"

"चार," अण्णा वाकून म्हणाला.

"चार सेकंद! चार सेकंदांत माणूस बुटाची नाडी बांधतो."

"त्यांचं घड्याळच मागे असेल. परक्या गावचं घड्याळ, सावत्र आईची माया."

"मी गॅरेजातल्या घड्याळाबरोबर लावून बघितलं. चोख आहे. मोबाईलचा आवाज तेवढा गेलाय, ऑईलमध्ये पडला होता. पण डोळे शाबूत आहेत ना? पोरगा घाबरला. साधी गोष्ट आहे."

अण्णानं माझ्या गालाखाली अंगठा रोवला, कातडी ताणली आणि वस्तरा कानापासून खाली आणला. चरर्र.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. आरशात खाकी कपडे आणि खांद्यावरची भली मोठी पिशवी दिसली. टपालवाला. बगळ्याचा बाप.

पानानं मोबाईल मांडीखाली सरकवला.

"बोला की," टपालवाला म्हणाला. "मी काय परका आहे? सकाळपासून अकरा दारं झाली, अकराही दारांत हेच. एकीनं तर पाकीट घेता घेता विचारलं, तुमच्याकडे चेंडू सरळ टाकायला शिकवत नाहीत का."

"ये, बस," अण्णा म्हणाला. "काकांचं झालं की तुझीच पाळी."

"दाढी नाही करायची. कॉलेजात जायचंय. घशाला कोरड पडली म्हणून टेकतोय." तो बाकावर बसला. पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्या तोंडातून एक घडी बाहेर काढली. निळी, स्वच्छ धुतलेली. पाठीवरचा बारा आकडा घडीतून अर्धा दिसत होता.

"आज टपालात हेही आहे," तो म्हणाला. "कोचकडे पोचवायचंय. पोरगं म्हणालं, बाबा, तुम्ही त्या वाटेनं जाताच, देऊन या. मी परत मैदानावर पाऊल ठेवणार नाही."

"अरे, असं कसं!"

"काल आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. आई ताट घेऊन दाराशी उभी. मी म्हटलं, बाळा, सगळेच कधी ना कधी चुकतात, पण तू असा उतावळा कधी नव्हतास. लहानपणी मी पत्रं लावायचो तेव्हा शेजारी बसून रांग करायचा, एक पत्र वाकडं चालायचं नाही. मग काल काय झालं?"

"मोजणी ऐकली नव्हती का त्यानं?" पानानं विचारलं.

मी छताकडे बघत होतो. एक पोपडा सुटायला आला होता. सुटत नव्हता.

"हेच मी विचारलं," टपालवाला म्हणाला. "म्हणाला, ऐकली होती. बस्स. त्यापुढे तोंड शिवल्यासारखं."

"ऐकली होती आणि तरी टाकला?" अण्णाचा वस्तरा माझ्या हनुवटीवर थांबला. "हे बघ टपालदादा, मला तुझ्या पोराबद्दल माया आहे. त्याचं जावळ मी काढलंय. पण खरं ते खरं. त्यानं चेंडू फेकला तेव्हा मी स्वतः ओरडत होतो, 'चार!' अजून घसा बसलाय. 'चार' म्हणालो आणि चेंडू हातातून गेला. मोजणीत आपली चूक नाही. ठोकेकाका चुकतील तर सूर्य चुकेल. हो ना, काका?"

वस्तरा गळ्यावर होता. बरोबर घाटीवर. गिळलं तरी कापलं असतं.

"बोलू नका, लागेल," अण्णा म्हणाला. "नुसतं हं म्हणा."

आणि मी म्हणालो, "हं."

एवढंच. पण तो हुंकार मी सोडला आणि तो सलूनभर फिरून माझ्याच छातीवर येऊन बसला. टपालवाल्यानं आरशात माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. म्हणजे पोरगाच चुकला, असं त्या मानेनं म्हटलं. तो जर्सीची घडी पुन्हा सारखी करू लागला. बोटांनी, टोकाला टोक जुळवून, पत्रासारखी.

काल काय झालं ते मला आणि बगळ्यालाच माहीत आहे. त्या हॉलमध्ये भिंतीएवढं घड्याळ होतं, झगमगतं, आकडे वीतभर. पण मी घड्याळ बघत नाही. एकोणीस वर्षांत माझी नजर भिंतीवर गेलेली नाही, ती टेबलावर असते. रुमाल शोधत. आणि काल त्या टेबलामागे बसलेल्या बाईनं कपाळावरचा घाम पुसायला टॉवेल उचलला. लाल टॉवेल.

मी उभा राहिलो. "दहा!"

माझे नऊ जण उभे राहिले. "नऊ!" यजमानांचा हॉल भीतीनं चिडीचूप होता, त्यामुळे आमचे दहा गळे शंभरांसारखे घुमले. मग त्यांच्यातली पोरंही गंमत म्हणून ओरडू लागली. एक आकडा, एक श्वास. आई, तुझ्या शपथेनं सांगतो, श्वास एकही चुकला नाही. सुरुवातच चुकली होती. अण्णाचा "चार" मोबाईलवरचा आहे; चेंडू गेला तेव्हा तो माझ्यामागे "एक" ओरडत होता. "एक"ला बगळ्यानं एका पायावर उडी घेतली आणि जिथून कुणी टाकत नाही तिथून टाकला. कडीला लागून चेंडू त्यांच्या हातात गेला. मी "शून्य" म्हणालो. शिट्टी वाजली नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं. तीन. लाल, वीतभर. मग दोन. माझी माणसं डोकं धरून खाली बसली होती, त्यांनी काही बघितलं नाही. मैदानात एकच मान वर होती. लांब मान. बगळ्यानं घड्याळ बघितलं आणि मग वळून वरच्या बाकावर मला बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी तिथंच ओरडून सांगितलं असतं. त्यानं असं बघितलं, जसं आपण पाय घसरून पडलेल्या म्हाताऱ्याकडे बघतो आणि आपण बघितलं हे त्याला कळू नये म्हणून नजर वळवतो.

परतताना व्हॅनमध्ये सगळे म्हणत होते, "आपली मोजणी मात्र चोख." मी खिडकीला कपाळ लावून बसलो होतो. म्हटलं, पुढच्या वळणावर सांगतो. वळणं संपली. म्हटलं, उतरताना. उतरलो. म्हटलं, सकाळी अण्णाकडे. आणि सकाळी अण्णानं चादरीची गाठ मारली.

"पाणी पितो आणि निघतो," टपालवाला म्हणाला. "कोच अकराला जातो."

"एक गाल राहिलाय काका, डावीकडे वळा," अण्णा म्हणाला.

वळलो. आता आरसाही दिसत नव्हता, फक्त भिंत. बगळाही याच वेळी भिंतीकडे तोंड करून पडलेला असेल. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. पिशवीचा पट्टा खांद्यावर चढला. बाक करकरलं. चौसष्ट वर्षांचा मी, आणि काटा काढायला आता कुणी नाही. म्हणून मनातल्या मनात मीच सुरू केलं. दहा दहा, दाराकडे पहा. पावलं दाराकडे निघाली. नऊ, आठ. वस्तरा जबड्यावरून उतरला. सात, सहा. "जपून जा रे," पाना म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पोरावरचा राग अजून तसाच होता. पाच. चार. कालपासून प्रत्येक वेळी मी इथंच थांबत होतो, चारवर, आणि स्वतःला म्हणत होतो, 'झालं की रे'. तीन. दोन. दाराची घंटी वाजली.

चादरीखालून हात काढून मी अण्णाचं मनगट धरलं.

"अहो काका! वस्तरा आहे!"

"बाजूला घे."

उठायला गेलो तर खुर्ची सोडेना. दांडा अडकलेला. तसाच उताण्या झुरळासारखा, अर्ध्या चेहऱ्यावर फेस, पाय हवेत. अण्णा हिसका द्यायला वाकला. मी म्हटलं, राहू दे, असाच बोलतो. दार अर्धं उघडं होतं. बाहेरचा उजेड टपालवाल्याच्या पिशवीवर पडला होता.

"टपाल, थांब. ती जर्सी घरी ने, त्याच्या हातात दे. मघाशी मी हं म्हणालो, ते खोटं होतं. त्यानं घाई केली नाही रे. त्यानं माझं ऐकलं. मी दहा म्हणालो तेव्हा तेरा उरले होते."