अहोंना वर आणताना

आई जाऊन पंधरवडा झाला, तरी तिचा खेळ चालूच होता. मुलीने शिलाई मशीनवरचा नॅपकिन उचलला, तर खाली ते हातात मावणारं यंत्र मंद उजळत पडलेलं. पडद्यावर दगडी जिन्याच्या पायथ्याशी दोन इवली माणसं उभी होती. पुढे लाल झग्यातली बाई, मागे राखाडी पुरुष. बाईच्या डोक्यावर रोमन अक्षरांत नाव होतं 'मी'. पुरुषाच्या डोक्यावर 'अहो'.

नवऱ्याचं नाव आईने खेळातसुद्धा घेतलं नव्हतं.

बाबा गेले तेव्हा परदेशातल्या दादाने हे यंत्र पाठवलं होतं. ग्रीक पुराणांवरचा खेळ. पाताळात उतरायचं, तीन तोंडांच्या कुत्र्याला वीणेने निजवायचं, नदीवरच्या नावाड्याला राजी करायचं आणि आपलं गेलेलं माणूस, वाटेत एकदाही मागे वळून न पाहता, परत आणायचं. रिकामटेकड्यांचे धंदे, असं म्हणत आईने तो हातात घेतला आणि मग खाली ठेवलाच नाही.

दाराशी वायरमन आला. घर मालकाच्या ताब्यात जाणार होतं, जुना बोर्ड बदलायचा होता. मेन स्विच बंद करतो म्हणाला. मुलीने थोडा वेळ मागितला, तेव्हा वरच्या मजल्याचं काम आटपून येतो, तोवर उरका, असं सांगून तो गेला.

तिने दादाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याने सांगितलं ते ऐकून ती स्टुलावर बसली. पाताळात खेळ सेव्ह होत नाही. वर देवळातल्या दिव्यापाशी पोचलं तरच होतो. आणि आईने आजवर एकदाही सेव्ह केलेलं नव्हतं. कापड अर्धवट असलं की सुई त्यातच रुतवून उठायचं, ही तिची आयुष्यभराची सवय. खेळही तसाच ठेवायचा, चालू, वर नॅपकिन टाकून. यंत्राची बॅटरी केव्हाच मेली होती. सगळा जीव वायरीत. ती वायर जुन्या घाटाची, दुसऱ्या कशाला न लागणारी, आणि तिची पिन ढिली, म्हणून आईने बटणाच्या दोऱ्याने आवळून बांधलेली. तो दोरा आता विसविशीत झाला होता.

"उपटली तर?"

"तर सगळं पुसलं जाईल. नावंसुद्धा."

तिने डाव्या हाताने पिन दाबून धरली. उरला उजवा अंगठा. जन्मात तिने असला खेळ खेळला नव्हता.

"ती इथे पायथ्याशी का थांबली असेल रे?"

 दादा म्हणाला, वर काय होतं म्हणून आईने त्याला विचारलं होतं, आणि गोष्ट संपते, असं तो बोलून गेला होता. त्यानंतर ती पुढे गेलीच नाही. नुसती बोलायचं बटण दाबायची. मुलीने ते दाबलं. राखाडी पुरुषाचं वाक्य उमटलं: मी मागेच आहे, तू चाल.

"बाबा जन्मभर आईच्या पुढे चालले," दादा म्हणाला. "मागून यायची ही पहिलीच वेळ." तो हसला, पण ते हसणं अर्ध्यातच विरलं.

ती चढू लागली. जिन्यावर मागचा माणूस दिसत नाही, नुसती पावलं वाजतात. काही पायऱ्या तुटलेल्या होत्या, तिथे उडी मारावी लागे. ती पडली आणि पुन्हा पायथ्याशी आली. परत पडली. पिन हलली, पडदा पांढरा झाला, परत आला. तिने पिन आणखी घट्ट दाबली. दादा पलीकडून आता उडी, आता थांब, असं सांगत होता, आणि अर्ध्या वाटेवर मागची पावलं एकदम थांबली.

"दादा, बाबा थांबले."

"थांबू देत. फसवणूक आहे ती. वळलीस की गेले."

"खरंच नसले तर?"

"चिमणे, वळू नकोस."

एवढ्यात पावलं वाजली; पण ती बाहेरच्या, खऱ्या जिन्यावरची होती, उतरणारी. वायरमन दारात आला. तिने वर पाहिलं नाही.

"भाऊ, आईचं आहे हे. वर पोचले की बंद करा."

त्याला काय कळलं कोण जाणे. तो बोर्डापाशी जाऊन स्विचवर हात ठेवून उभा राहिला. ती मुक्या जिन्यावरून चढत राहिली. शेवटची उडी घेतली आणि पडदा उजळला. देऊळ, दिवा, आणि लाल झग्याच्या मागे तो पुरुष. आता राखाडी नव्हता. तिने दिव्यापाशी बटण दाबलं. सेव्ह झालं.

दादा पलीकडे रडत होता. वायरमनकडे तिने अजून क्षणभर मागितला.

तिने बोलायचं बटण दाबलं. बाबांनी नवं वाक्य सांगितलं, उन्हाबद्दल काहीतरी. तिने लाल झग्याला बोलतं करायला सगळी बटणं दाबून पाहिली. एकही वाक्य उमटेना.

"दादा, आई का बोलत नाही?"

"ती कशी बोलेल? ती आता तू आहेस. खेळणाऱ्याला वाक्यं नसतात."

तिने अंगठा डावीकडे नेला. आई डावीकडे गेली. उजवीकडे नेला, आई उजवीकडे आली. जिकडे न्यावी तिकडे निमूट जात होती. अशी ती जन्मात कधी कुणाचं ऐकणारी नव्हती.

"करा बंद," ती वायरमनला म्हणाली.